शॉर्टसर्किटचा प्राथमिक अंदाज

अंबड म्हटले की मराठवाड्यातल्या वाचकाला जालना जिल्ह्यातला तालुका आठवेल. इथे बोलायचे आहे ते नाशिकच्या अंबडबद्दल : मुंबई-आग्रा महामार्गालगत पसरलेली औद्योगिक वसाहत, तिला खेटून उभे राहिलेले सिडकोचे नवीन नाशिक, जमिनी संपादनात गेलेले मूळ गाव, पलीकडे चुंचाळे शिवार आणि शिफ्ट सुटली की गरवारे पॉइंटला होणारी दुचाक्यांची कोंडी. अशा वसाहतीतल्या एखाद्या घरात वाद निघतो. मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, एका कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलच्या प्रयोगशाळेत लागली आणि आता म्हणते, पत्रकारितेत एम.ए. करायचे. करू द्यावे का? या वादात एका बाजूला मी आहे, दुसऱ्या बाजूला अण्णा. अण्णा ही एक व्यक्ती नव्हे. जिल्ह्याच्या बातम्या देण्यात ज्यांची हयात गेली अशा अनेकांचे म्हणणे एका तोंडून यावे म्हणून त्यांना हे नाव दिले आहे. पदवीची बाजू घेतो म्हणून ते मला मास्तर म्हणतात.

अण्णांचा पहिला वार सरळ आहे. “मास्तर, पोरीचं नुकसान करू नका. बातमी कॉलेजात शिकता येत नसते. ती पोलीस ठाण्याच्या बाकावर, महापालिकेच्या जिन्यात, सिव्हिलच्या अपघात विभागात शिकायची असते. 1832 साली ‘दर्पण’ निघालं तेव्हा बाळशास्त्रींकडं पत्रकारितेचं कुठलं सर्टिफिकेट होतं? टिळक-आगरकर काय एम.सी.जे. करून ‘केसरी’ काढायला बसले होते? ज्याला नाक आहे त्याला बातमीचा वास येतो. ज्याला नाही, त्याला दोन वर्षं वर्गात बसवून नाक फुटत नाही.”

अण्णा, तुम्ही जी नावे घेतलीत ती जरा निरखून पाहू. बाळशास्त्री जांभेकर म्हणजे एल्फिन्स्टनमध्ये शिकवणारे, अनेक भाषा येणारे पंडित. टिळक गणित घेऊन बी.ए. आणि वर एलएल.बी. आगरकर एम.ए. 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ काढणारे डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठाचे एम.ए. (ते 1913 मध्ये तिथे पोचले तेव्हा जोसेफ पुलित्झर यांच्या देणगीतून निघालेली पत्रकारितेची शाळा त्याच विद्यापीठात वर्षभरापूर्वी सुरू झाली होती. त्यांनी अर्थशास्त्र निवडले, हे आपले भाग्यच म्हणायचे.) मराठी पत्रकारितेचा पाया घालणारी ही माणसे त्या काळातल्या सर्वांत जास्त शिकलेल्यांपैकी होती. शिक्षणाविरुद्ध त्यांची साक्ष काढता येत नाही. फार तर एवढे म्हणता येईल की त्यांचे शिक्षण दुसऱ्या विषयातले होते. हा मुद्दा मोलाचा आहे आणि त्याकडे मी पुन्हा येणार आहे. पण आधी कोल्हापूर प्रकरण आठवा. ‘केसरी’ जानेवारी 1881 मध्ये सुरू झाला. पहिले वर्ष संपायच्या सुमारास त्यात आणि ‘मराठा’त कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर, छत्रपतींच्या छळाबद्दल, गंभीर आरोप छापून आले. हेतू निर्मळ होता, धाडस तर होतेच, आणि तुम्ही म्हणता ते नाकही तीक्ष्ण होते. कमी पडले ते एकाच ठिकाणी. ज्या पत्रांच्या आधारावर लिहिले ती पत्रे खरीच आहेत का, ती हातात देणाऱ्याचा त्यात काय स्वार्थ आहे, हे छापण्यापूर्वी पुरेसे तपासले गेले नाही. पत्रे बनावट ठरली. दिलगिरी व्यक्त करूनही शिक्षा टळली नाही. 1882 मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची कैद झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी 101 दिवस काढले. आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेही. बातमीच्या धंद्यातल्या माणसाने मात्र ती दुसऱ्या अंगानेही वाचली पाहिजे. उच्चशिक्षित, निःस्वार्थी, असामान्य बुद्धीच्या माणसांच्या हातूनही कागद तपासायचा राहून जातो. म्हणजे कागद तपासणे हे हुशारीबरोबर किंवा सद्‌हेतूबरोबर आपोआप येत नाही. ते वेगळे शिकावे लागते.

नाकाचा मुद्दाही जुनाच आहे. कोलंबियाच्या शाळेची कल्पना पुलित्झर यांनी जाहीर केली तेव्हा अमेरिकेतल्या जुन्या संपादकांनी हेच सुनावले होते की पत्रकार जन्मावा लागतो, घडवता येत नाही. पुलित्झर यांनी 1904 मध्ये ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’त लांबलचक लेख लिहून त्याला उत्तर दिले. नुसत्या जन्माच्या बळावर यशस्वीपणे भरता येणारी जागा एकच, मूर्खाची, अशा आशयाचा टोमणाही त्यात होता. वकिलाला, डॉक्टरला उपजत गुण लागतात म्हणून आपण विधी किंवा वैद्यकीय महाविद्यालये बंद केली नाहीत. उपजत नाक असलेल्या माणसाला शिकवलेलेच जास्त लागू पडते.

“शिकावं लागतं ना? मग आम्ही शिकलोच की,” अण्णा म्हणतात. “ऑफिसात शिकलो. कॉपी चुकली की चीफ सब ती सगळ्यांदेखत टेबलावर आपटायचा. वय कुठंय, गाव कुठंय, दुसऱ्या बाजूचं म्हणणं कुठंय, म्हणून परत पाठवायचा. मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घावरून सोलायचा. सहा महिन्यांत माणूस तयार. तुमच्या विद्यापीठाला दोन वर्षं लागतात, आणि पोरं बाहेर आल्यावर पंचनामा म्हणजे काय ते आम्हालाच विचारतात!”

अण्णा, तुमचे खरे आहे, पण भूतकाळात. ती शाळा उत्तम होती आणि ती बंद पडली. मुद्रितशोधकाची खुर्ची कित्येक कचेऱ्यांतून केव्हाच उचलली गेली. कॉपी आपटणारा चीफ सब आता चार पाने एकटा लावतो आणि त्याच वेळी वेबसाइटवर बातमी चढवतो. आपटायला त्याला सवड नाही. उपनगरातला वार्ताहर कचेरीत जातही नाही. बातमी मोबाइलवर टाइप होते, व्हॉट्सॲपवर जाते आणि मथळा बदलून जशीच्या तशी छापली जाते. संघटनेने, पक्षाने, पोलीस ठाण्याने पाठवलेली प्रेसनोट चार वर्तमानपत्रांत त्याच वाक्यांनी, त्याच चुकांनी येते. नवशिक्याला कोणी परत पाठवत नाही, आणि परत पाठवल्याशिवाय हा धंदा कोणालाही आला नाही. माझा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे. जे काम पूर्वी संपादकीय विभाग फुकटात, पगार देऊन करत होता, ते आता तिथे होत नाही. मग दुसरीकडे कुठेतरी दोन वर्षे काढून ते करून घ्यावे लागणार.

ते न झाल्याचा परिणाम काय होतो, हे एका बातमीत दिसते. अंबड औद्योगिक वसाहतीत कुठे ना कुठे आग लागतेच, आणि दुसऱ्या दिवशीची बातमी आपण न वाचता म्हणून दाखवू शकतो : कारखान्याला भीषण आग, लाखोंचे नुकसान, सुदैवाने जीवितहानी नाही, शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज. प्रत्येक तुकडा उचलून पाहा. लाखोंचे नुकसान हे कोणी सांगितले? बहुधा मालकाने, ज्याला विम्याचा दावा करायचा आहे. जीवितहानी नाही हे किती वाजताचे, आणि रुग्णालयात कोणी विचारले का? प्राथमिक अंदाज कोणाचा? अग्निशमन दलाच्या जवानाचा, वायरमनचा, की गर्दीतल्या कुणाचा? शॉर्टसर्किट हे उत्तर सर्वांच्या सोयीचे असते, कारण त्यात कोणाचे नाव येत नाही. याउलट विचारण्याजोगे प्रश्न कागदावर आधीच लिहिलेले आहेत. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अशा इमारतीच्या मालकाला किंवा भोगवटादाराला आपली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. ‘फॉर्म बी’ म्हणतात ते हेच. या कारखान्याचा शेवटचा फॉर्म बी कोणत्या तारखेचा? सही कोणत्या एजन्सीची? त्याच एजन्सीने वसाहतीत आणखी किती कारखान्यांना सही दिली? एमआयडीसीचे स्वतःचे अग्निशमन दल आहे, म्हणजे विचारायचे कोणाला हेही ठरलेले आहे. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. आगीच्या दिवशीची बातमी या प्रश्नांशिवाय गेली तर समजू शकते. महिन्याभराने दुसरी बातमी येत नाही, हे समजण्यासारखे नाही.

जिल्ह्यातच याचा दाखला आहे. इगतपुरीजवळ मुंढेगावच्या जिंदाल पॉलिफिल्म्स कारखान्यात 1 जानेवारी 2023 रोजी आग लागली, कामगार दगावले. त्याच कारखान्यात मे 2025 मध्ये पुन्हा आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. पहिल्या आगीनंतरच्या चौकशीत काय निघाले, त्यातले काय अमलात आले, याची फाइल ज्याने जपली असेल त्याच्याकडे दुसऱ्या आगीच्या सकाळी विचारण्यासारखे काही असणार. बाकीच्यांकडे धुराचे फोटो. किंवा अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार घ्या. महापालिकेने तो जानेवारी 2017 मध्ये मोठ्या बंदोबस्तात हटवला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये पुन्हा हटवावा लागला. दोन्ही वेळी जेसीबी, पोलीस, बघ्यांची गर्दी. पण या गोष्टीचा गाभा मधल्या आठ वर्षांत आहे. शेड पुन्हा कोणी उभ्या केल्या, जमिनीचे भाडे कोण घेत होते, वीजजोडण्या कोणाच्या नावावर निघाल्या? जेसीबीचा फोटो काढायला शिकावे लागत नाही. सातबारा, वीजजोडणीचा अर्ज आणि महासभेचा ठराव शेजारी ठेवून वाचायला शिकावे लागते. प्रेसनोटची बातमी करायला तर आता यंत्र पुरते, आणि ते शुद्धलेखनही बरे राखते. माणसासाठी उरलेले काम हेच.

इथे अण्णा खिशाला हात घालतात. “हे सगळं वाचायला छान. पगार विचारा! दोन वर्षं फी, पुण्याला गेली तर राहण्या-खाण्याचा खर्च, आणि बाहेर आल्यावर काय? मजिठियाचं काय झालं ते आम्हाला ठाऊक आहे. वार्ताहराला मानधन म्हणजे पेट्रोलचे पैसे, वर जाहिरातीचं टार्गेट. आज ती लॅबमध्ये कमावते. कामगाराच्या घरातलं चालू उत्पन्न तुम्ही बंद पाडणार?”

यावर मी भांडणार नाही. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सरकारने नोव्हेंबर 2011 मध्ये अधिसूचित केल्या, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2014 मध्ये त्या वैध ठरवल्या, आणि त्यानंतरही अंमलबजावणीसाठी पत्रकारांना अवमान याचिका घेऊन त्याच न्यायालयात जावे लागले. तिचा निकाल जून 2017 मध्ये लागला. ज्या धंद्यात कायद्याने ठरलेला पगार मिळवायला सहा वर्षे कोर्टात जातात, तिथे पदवीच्या जोरावर चांगला पगार मिळेल असे जो सांगतो तो फसवतो. म्हणून पगारासाठी ही पदवी घेऊ नये, हे मी अण्णांच्याही आधी म्हणेन. घरावर कर्ज असेल, लहान भावंडे शिकत असतील, तर ती आज घेऊच नये. बी.एस्सी. कुठे पळून जात नाही आणि पदव्युत्तर प्रवेशाला वय आडवे येत नाही. बारावीनंतर थेट पत्रकारितेची पदवी घेणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलापेक्षा चार वर्षे प्रयोगशाळेत काढून येणारी मुलगी मला या अभ्यासाला जास्त योग्य वाटते. पण याचे कारण सांगायला अण्णांचाच पुढचा आक्षेप लागतो.

“मग पी. साईनाथांचं काय? अनिल अवचटांचं काय? त्यांनी कुठं पत्रकारितेची पदवी घेतली?”

घेतली नाही. साईनाथ जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे इतिहासाचे एम.ए., अवचट डॉक्टर. टिळक-आगरकरांबद्दल जे राखून ठेवले होते ते हेच. चांगला बातमीदार आधी कशाचा तरी जाणकार असतो. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत तत्कालीन मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा मजकूर शब्दशः सारखा, पण वेगवेगळ्या नावांनी छापून आल्याचे साईनाथ यांनी दाखवून दिले आणि ‘पेड न्यूज’ हा विषय देशाच्या चर्चेत आला. 2010 मध्ये प्रेस कौन्सिलच्या उपसमितीला त्यावर अहवाल द्यावा लागला. त्यासाठी कोणताही गुप्त खबऱ्या लागला नव्हता. वर्तमानपत्रे टेबलावर शेजारी मांडून ओळ ओळ ताडून पाहिली होती. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोन दस्तऐवज असे ताडून पाहायला शिकवतात. पत्रकारितेच्या एम.ए.ला त्यालाच आशय विश्लेषण म्हणतात. तेव्हा साईनाथ हे पदव्युत्तर शिक्षणाविरुद्धचे उदाहरण होत नाहीत. बारावीनंतर थेट पत्रकारितेत शिरण्याविरुद्धचे मात्र ते उत्तम उदाहरण आहेत. पत्रकारितेची एम.ए. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला करता येते, हा तिचा कच्चेपणा मानला जातो. मला ते तिचे बलस्थान वाटते. आधी विषय, मग बातमी.

अंबडच्या संदर्भात याचा अर्थ काय, ते त्या मुलीच्या टेबलापाशी जाऊन पाहू. नंदिनी नदी, म्हणजे जुनी नासर्डी, फेसाळली की फोटो छापून येतो : नदीला फेस, नागरिक संतप्त, कारवाईची मागणी. तो छापलाच पाहिजे. पण फेस घरगुती सांडपाण्यातल्या साबणाचाही असतो. प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रत्येक कारखान्याला जे संमतीपत्र देते, ज्याला वसाहतीत सगळे ‘कन्सेंट’ म्हणतात, त्यात दिवसाला किती घनमीटर सांडपाणी सोडता येईल आणि ते कसे असावे हे आकड्यांत लिहिलेले असते. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याचे देशभरातले सर्वसाधारण मानक सांगायचे तर बीओडी (जैविक ऑक्सिजन मागणी) लिटरला 30 मिलिग्रॅम, सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) 250, तरंगते घन पदार्थ 100. प्लेटिंगच्या कारखान्यातून येणारे हेक्साव्हॅलंट क्रोमियम 0.1 मिलिग्रॅमच्या वर नको. आता एखाद्या अहवालात सीओडी 240 आला, तर तो मर्यादेत आहे म्हणून वार्ताहर पुढे जाईल. प्रयोगशाळेत काम केलेली मुलगी थांबेल. नमुना कुठून घेतला, ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या, तोंडाशी की नाल्यात? किती वाजता? शिफ्ट चालू होती की बंद? बीओडी आणि सीओडी यांचे प्रमाण या प्रकारच्या कारखान्याला शोभते का, की कुठेतरी साधे पाणी मिसळले आहे? पाच महिने लागोपाठ आकडा 230 ते 245 च्या दरम्यानच कसा? हे प्रश्न तिला आजच सुचतात, कारण तिने स्वतःच्या हाताने नमुने घेतले आहेत. तिच्याकडे नाही ते पुढचे. अहवाल मिळवायचा कुठून, तो देणाऱ्याची नोकरी कशी वाचवायची, कारखान्याची बाजू नेमक्या कोणत्या प्रश्नांनी मागायची, आरोप आणि निष्कर्ष वेगळे कसे ठेवायचे, अब्रुनुकसानीच्या कायद्यात काय टिकते, आणि सीओडी न कळणाऱ्या सिडकोतल्या गृहिणीला हे सहाशे शब्दांत कसे सांगायचे. दोन वर्षे यासाठी. नुसत्या पत्रकाराला पहिली यादी येत नाही आणि नुसत्या केमिस्टला दुसरी.

“पण ते हे शिकवतात तरी का?” अण्णा इथे बरोबर नस पकडतात. “श्रॅम आणि लासवेल घोकून घेतात. संवादाची प्रारूपं काढायला लावतात. शिकवणाऱ्यानं आयुष्यात एक बातमी दिलेली नसते.”

काही ठिकाणी हे खरे आहे, आणि मला याचाच सर्वांत जास्त राग येतो. सगळीकडे मात्र ते खरे नाही. पुणे विद्यापीठाचा वृत्तपत्रविद्या विभाग 1964 पासूनचा, रानडे इन्स्टिट्यूट म्हणून ओळखला जाणारा. तिथे अरुण साधू यांच्यासारखा मुरलेला बातमीदार विभागप्रमुख होता. 2021 मध्ये हा विभाग विद्यापीठाच्या दुसऱ्या माध्यम विभागात विलीन करून हलवायचे ठरले तेव्हा आजी-माजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि निर्णय थांबवावा लागला. लोक निरुपयोगी गोष्टीसाठी असे उतरत नाहीत. नाशिकमध्ये एच.पी.टी. महाविद्यालयाचा विभाग आहे, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे दूरशिक्षण आहे. लांब जायची तयारी असेल तर अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेने मराठी पत्रकारिता शिकवायला घेतली आहे. निवड करताना इमारत आणि स्टुडिओतले कॅमेरे पाहू नयेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याने पदव्युत्तर पदवीचा जो आराखडा घातला त्यात दोन वर्षांचे 88 श्रेयांक आहेत. त्यांपैकी 4 संशोधन पद्धतीला, 4 प्रत्यक्ष कामाला किंवा क्षेत्र प्रकल्पाला आणि 10 संशोधन प्रकल्पाला. अठरा श्रेयांक म्हणजे पाचवा भाग. पदवीची खरी किंमत या पाचव्या भागात ठरते. प्रत्यक्ष काम म्हणजे चॅनेलच्या कचेरीत आठ आठवडे क्लिप कापणे आणि प्रकल्प म्हणजे ‘तरुणांवर समाजमाध्यमांचा प्रभाव’ या विषयावर वर्गमित्रांकडून भरून घेतलेली प्रश्नावली, असे असेल तर अण्णा जिंकले. तोच प्रकल्प ‘अंबडमधील शंभर कारखान्यांचे फॉर्म बी : पाच वर्षांची पडताळणी’ असा असेल, आणि प्रत्येक प्रकरण मार्गदर्शकाने तीनदा परत पाठवले असेल, तर अण्णांचा तो कॉपी आपटणारा चीफ सब विद्यापीठात परत आला असे समजावे. प्रवेश घेण्यापूर्वी विभागात जाऊन गेल्या वर्षीच्या प्रबंधांचे विषय चाळायला अर्धा तास लागतो.

एका ठिकाणी मी पदवीवाल्यांची साथ सोडतो. 2013 मध्ये प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी पत्रकारांना किमान शैक्षणिक पात्रता असावी म्हणून समिती नेमली होती. अण्णा त्या वेळी भडकले असणार, आणि बरोबरच. 1955 चा श्रमिक पत्रकार कायदा पत्रकार कोण हे कामावरून ठरवत होता, प्रमाणपत्रावरून नाही, आणि अभिव्यक्तीचा हक्क राज्यघटनेने नागरिकाला दिला आहे, पदवीधराला नव्हे. आपल्या खात्यातल्या अपघाताबद्दल पत्रक काढणाऱ्या कामगाराला उद्या कोणी एम.ए. आहेस का विचारले तर त्या दिवशी ही पदवी अन्यायाचे हत्यार होईल. शिकणे चांगले म्हणून ते सक्तीचे करावे, असे होत नाही.

अण्णांचा शेवटचा प्रश्न उरतो. “समजा आली शिकून. फॉर्म बीची बातमी केली. छापणार कोण? त्याच कारखान्याची दिवाळी अंकाला पानभर जाहिरात आहे, वर्धापनदिनाच्या पुरवणीला अर्धं पान. आणि ती जाहिरात आणतो कोण? आम्हीच, कमिशनवर. ज्याच्या दारात दसऱ्याला जाहिरात मागायला जायचं, त्याच्या नाल्याचा नमुना घ्यायला कसं जायचं?”

याला पदवी पुरी पडत नाही, आणि पुरते असे भासवण्यात अर्थ नाही. वार्ताहराच्या पोटाची सोय जाहिरातीच्या टक्केवारीतून होते तोवर अंबडमधल्या काही बातम्या अंबडच्या पानावर येणार नाहीत, मग तो कितीही शिकलेला असो. पण दोन गोष्टी अण्णांच्या हिशेबात आलेल्या नाहीत. विद्यापीठात सादर झालेला प्रबंध कोणत्याही जाहिरात विभागाच्या हाताखालून जात नाही. तो ग्रंथालयात राहतो, आमदाराच्या तारांकित प्रश्नाला, कामगार संघटनेच्या निवेदनाला, न्यायालयातल्या याचिकेला त्याचा आधार घेता येतो. वाहन उद्योगाच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत पॉवर प्रेसवर कामगारांची बोटे जातात, हे वर्षानुवर्षे आकड्यांनिशी मांडले ते ‘सेफ इन इंडिया’ या स्वयंसेवी संस्थेने, 2019 पासूनच्या आपल्या ‘क्रश्ड’ अहवालांत. ते काम वर्तमानपत्रांचे होते आणि ते बाहेरच्यांना करावे लागले, यात वर्तमानपत्रांची शोभा नाही. पण जे वर्तमानपत्राबाहेर करता येते ते शिकलेल्या माणसालाच करता येते. दुसरे असे की छापत नाहीत हे कारण पुढे करून आपण छापण्याजोगे तयारच करत नाही. टेबलावर पक्की, दोन्ही बाजूंची, कागदांनिशी बातमी पडलेली असताना ती नाकारणे संपादकाला अवघड जाते. ‘प्राथमिक अंदाज’ नाकारणे सोपे असते, आणि छापणेही.

तरीही अण्णा म्हणतात, पोरीने नोकरी सोडू नये, मुक्त विद्यापीठातून घरबसल्या काय ते करावे. माझे म्हणणे वेगळे आहे. कॉपी परत पाठवणारा माणूस समोर बसलेला नसेल तर या पदवीतला सर्वांत कामाचा भाग हातचा जातो. तेव्हा दोन वर्षांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत तिने लॅबमध्येच राहावे, नमुन्यांच्या नोंदी कशा होतात आणि कशा ‘बसवल्या’ जातात ते नीट पाहून घ्यावे, आणि मगच राजीनामा देऊन वर्गात जावे. अण्णांना हे पटलेले नाही. दोन वर्षांनी पुन्हा अशी नोकरी मिळेल याची हमी कोण देणार, असे ते विचारतात, आणि ती हमी मी देऊ शकत नाही.